‘शंका आहे’ म्हणजे ‘आय डाउट’ नव्हे

प्रश्न : द्राक्षांच्या निर्यातीच्या मेलमध्ये दोन वाक्यं हवी आहेत. ‘मण्यांवर डावणी असल्याची शंका आहे’ (डावणी हा द्राक्षांवरचा रोग) आणि ‘गाडी बहुधा शुक्रवारी पोचेल’. ‘आय डाउट’ आणि ‘मे बी’ चालेल का?

— पहिल्या वाक्यात ‘डाउट’ अजिबात नको, अर्थ उलटा होतो. मराठीत शंका दोन्हीकडे चालते : ‘तो आला असावा अशी शंका आहे’ आणि ‘तो येईल की नाही, शंकाच आहे’. इंग्रजी ‘डाउट’ फक्त दुसरीकडचा. ‘आय डाउट देअर इज डाउनी मिल्ड्यू’ हे वाचून रॉटरडॅमचा खरेदीदार ‘डावणी नसावी’ असं समजेल आणि पेट्या न उघडता माल पुढे पाठवेल. इथे ‘आय सस्पेक्ट’ हवं. ताळा मराठीतूनच करायचा : मनात ‘असावं’ असेल तर सस्पेक्ट, ‘नसावं’ असेल तर डाउट. क्लासमध्ये ‘सर, डाउट आहे’ म्हणतात तो आपल्याकडचा वापर; परदेशी मेलमध्ये त्याला ‘क्वेश्चन’ म्हणा.

— ‘बहुधा’ला ‘प्रॉबेबली’. ‘मेबी’ म्हणजे ‘कदाचित’, ते बरंच कच्चं. शिवाय जोडून लिहिलेलं ‘मेबी’ क्रियाविशेषण आणि सुटं ‘मे बी’ क्रियापद, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला सुटं लिहिलं की चूक. वेळापत्रकानुसार ‘पोचायला हवी’ म्हणायचं असेल तर ‘शुड’.
‘पोचू शकते’ला मात्र ‘कॅन’ लावू नका, ‘मे’ किंवा ‘कुड’ लावा. एरवी घडतं त्याला ‘कॅन’ बरोबर : निफाडला जानेवारीत पारा पाच अंशांखाली जाऊ शकतो. ‘आज रात्री जाऊ शकतो’ म्हटलं की ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’. ‘माइट’ थोडं अधिक सावध, पण रोजच्या वापरात ‘मे’ आणि ‘माइट’मध्ये फार फरक उरलेला नाही.

— ‘गाडी कसारा घाटात अडकली असणार’ हे ‘मस्ट बी स्टक’. ‘अडकली नसणार’ याला बहुतेक जण ‘मस्ट नॉट’ करतात, पण ते ‘अडकता कामा नये’ असंही वाचलं जातं. ‘कान्ट बी’ लिहा.
‘कुड हॅव’ जपून वापरा. ‘कुड हॅव कम’चा अर्थ ‘आला असेल’ही होतो आणि ‘येऊ शकला असता, आला नाही’ हाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘मे हॅव’ सुरक्षित.

— पैसे अडकले असतील तर नुसत्या शब्दावर विसंबू नये. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के. भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात तोच शब्द २५ ते ५० टक्क्यांसाठी येतो आणि ५० ते ७५ टक्क्यांना ‘व्हेरी लाइकली’ म्हणतात. फवारणी ठरवताना हा फरक मोठा आहे. अमेरिकी गुप्तवार्ता विश्लेषक शर्मन केंट यांनाही हेच आढळलं. १९५१च्या अहवालात युगोस्लाव्हियावरच्या हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ लिहिली होती. केंट यांच्या मनात साधारण ६५ टक्के होते, तर तोच मजकूर मान्य केलेल्या सहकाऱ्यांच्या मनातले आकडे २० पासून ८० पर्यंत पसरलेले.

म्हणून मेलमध्ये ‘प्रॉबेबली’च्या पुढे आकडा आणि दुसरी तारीख टाका : गाडी बहुधा शुक्रवारी, अंदाजे ८० टक्के, नाहीतर शनिवारी सकाळी.