हळदी-कुंकू बदक मान टाकतंय, दूध पाजू काय?

शेतावरची (बेळगाव तालुका)
ऑक्टोबरचं ऊन लागल्यापासून आमच्या गावच्या तळ्याला कडेनं हिरवी साय धरलीय, ऑईलपेंट सांडल्यागत. काल म्हशी धुवायला गेले तर काठाला दोन हळदी-कुंकू बदकं. एक मेलेलं. दुसरं पंख ओढत पाण्याकडं सरकत होतं, पण मान सारखी खाली पडत होती. ओढणीत गुंडाळून घरी आणलंय. सासूबाई म्हणायलेत दूध पाज. पंचायतीतले म्हणायलेत साय मारायला तळ्यात मोरचूद टाकू. पोरानं मोबाईलवर कॅलिफोर्नियाचे सी-लायन दाखवले, सीलसारखे समुद्री प्राणी, शेवाळाच्या विषानं असेच झिंगतात म्हणे. हे तेच काय?

निपाणीकर
अक्का, दूध नको. पाणीसुद्धा चोचीत ओतू नका. मान सावरत नसली की ते फुप्फुसात जातं.

मी दोन वर्षं तिकडं कॅलिफोर्नियात नोकरीला होतो. रविवारी आजारी सागरी प्राण्यांच्या केंद्रात बालद्या धुवायला जायचो. एक सी-लायन मादी अजून डोळ्यांपुढं आहे. अंगात आलेल्या बाईगत मान घुमवत होती, नाकापुढं मासा धरला तरी पत्ता नाही. मग आकडी आली. ते विष म्हणजे डोमोइक ॲसिड, स्यूडो-नित्शिया नावाच्या समुद्री शैवालाचं. अँचोव्ही मासे ते शैवाल खातात, आणि ते मासे खाणाऱ्या सी-लायनच्या, पेलिकनच्या मेंदूवर जातं. १९९८ ला तिथं ४०० च्या वर सी-लायन मेले. उतारा नाही. सलाईन, आकडीचं औषध, आणि लघवीवाटे विष उतरेपर्यंत शांत जागा. किनाऱ्यावरच्यांना एकच ताकीद असायची, पाण्यात परत ढकलू नका, आकडीत बुडतात. तुम्ही बदक पाण्यापासनं आणलंत ते बरं केलंत.

पण ते शैवाल समुद्रातलं. तुमच्या तळ्यावरची साय निळ्या-हिरव्या जिवाणूंची असेल. त्यांची विषं वेगळी, यकृतावर जातात, काही नसांवर.

कंपौंडर, खानापूर
मान लुळी म्हटल्यावर मला आधी बोट्युलिझमचा, म्हणजे एका जिवाणूच्या विषानं अंग लुळं पडतं त्या रोगाचा, संशय येतो. २०१९ ला राजस्थानात सांभर सरोवरावर हजारो पक्षी त्यानंच गेले. मेलेल्या पक्ष्यात अळ्या पडतात, अळ्यांत विष साठतं, त्या खाल्ल्या की पुढचा पक्षी आडवा. म्हणून मेलेलं बदक तिथं ठेवू नका. पण उघड्या हातानं उचलू नका आणि परस्पर पुरूही नका. आधी सरकारी दवाखान्यात कळवा, बर्ड फ्लू नाही ना ते बघावं लागतं.

जिवंत आहे त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. टॉवेलची चुंबळ करून मान वर टेकवा. वनखात्याला फोन करा, रानपक्षी घरात ठेवता येत नाही.

आणि मोरचूद थांबवा! जिवाणूंच्या पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात उतरतं. म्हशी तिकडं नेऊ नका. पाणी उकळूनही ते विष जात नाही.

शेतावरची
चुंबळ केली. सकाळी खोक्यातनं खरवडल्याचा आवाज आला. मान वर! हात घातला तर चोच मारली. दुपारी वनखात्याचा माणूस घेऊन गेला. मेलेल्याचं दवाखान्यात सांगितलंय.

मोरचूदाची पोती मात्र पंचायतीच्या व्हरांड्यात येऊन पडलीत. वरचं सगळं कन्नडमध्ये कोण करून देईल काय? मराठी कागद तिथं कोण वाचत नाही.

कंपौंडर, खानापूर
देतो की. संध्याकाळपर्यंत पोती फोडू देऊ नका तेवढं.