"पॉप होत नाहीये" म्हणजे डिझायनरने नेमकं काय करायचं?

शिरोरेषा
जाहिरात, मुखपृष्ठ, पॅकेजिंग, काहीही पाठवा, क्लायंटची उत्तरं ठरलेली: "पॉप होत नाहीये", "प्रीमियम फील नाही", "जरा फ्रेश करा". ही भाषा बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. "पॉप होत नाहीये"चे किमान चार अर्थ निघतात. मथळा पार्श्वभूमीत बुडालाय. मथळा आणि मजकूर जवळपास एकाच आकाराचे आहेत. रिकामी जागाच उरलेली नाही. किंवा आरजीबीतला (स्क्रीनवरचा) झळझळीत हिरवा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) मळकट झालाय. चारही दुखण्यांवर उपाय वेगळे. डिझायनर अंदाजाने एक निवडतो, तो चुकतो, आणि फेऱ्या वाढत जातात.

अभिप्रायात एवढंच हवं: जागा कुठली, तिथे वाचकाला काय कळत नाही, ते कळणं का गरजेचं आहे. "ऑफर रविवारी संपते, पण तारीख सगळ्यात शेवटी दिसते." बास, पुढचं डिझायनर बघेल.

क्लायंटच्या बाजूने
अजिबात पटलं नाही. मसाले विकणाऱ्या माणसाने लीडिंग-कर्निंग (ओळींमधलं आणि अक्षरांमधलं अंतर) कशाला शिकायचं? पेशंट डॉक्टरकडे निदान घेऊन जात नाही, दुखतंय एवढंच सांगतो. "मजा नाही आली" ही तक्रार खरीच असते. खोदून विचारणं तुमचं काम आहे: पहिली नजर कुठे गेली? दुकानात शेजारी कोणतं पाकीट असेल? "प्रीमियम" म्हणजे बाजारातली कोणती तीन पाकिटं? ती तीन समोर ठेवली की कळतं, त्यांना मॅट (चकाकी नसलेलं) लॅमिनेशन हवंय, की कमी रंग, की नुसता जाड कागद. पाच मिनिटांच्या फोनचं काम आहे हे.

शिरोरेषा
फोन करायचा कुणी? एजन्सीत डिझायनरला बहुतेक वेळा क्लायंटशी बोलूच देत नाहीत. मधला माणूस व्हॉट्सॅपवर आलेला निरोप जसाच्या तसा पुढे ढकलतो. तुमचे तिन्ही प्रश्न उत्तम आहेत, पण ते त्याने विचारून मगच निरोप पाठवावा.

अक्षरजुळणी
मला संदिग्ध बोलण्यापेक्षा नेमक्या हुकमांचा जास्त त्रास वाटतो. "ओळी जवळ घ्या", "अक्षरं मोकळी करा". इंग्रजीला 120 टक्के ऑटो लीडिंग पुरतं, म्हणजे 10 पॉइंटच्या अक्षराला 12 पॉइंटची ओळ. देवनागरीत तेवढंच ठेवलं की खालच्या ओळीतल्या "र्की"चा रफार वरच्या ओळीतल्या "कू"च्या उकाराला भिडतो. बऱ्याच फॉन्टना 15-16 द्यावं लागतं. ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं अंतर, वाढवलं तर शिरोरेषाच तुटते, शब्दाचे तुकडे दिसतात. त्यापेक्षा "मजकूर एका पानात मावत नाही" एवढं सांगा, दोन वाक्यं कापून प्रश्न सुटेल. "लोगो मोठा करा"चंही तेच. लोगोभोवतीची गर्दी हटवली की बहुतेक वेळा आहे तोच आकार पुरतो.

क्लायंटच्या बाजूने
म्हणजे मोघम बोललं तरी चूक, नेमकं बोललं तरी चूक. मग बोलायचं कसं?

कॉपी डेस्क
अडचण सांगा, उपाय नको. दोघांच्या म्हणण्यात विरोध नाहीये. रेडिओचं उदाहरण घ्या. 30 सेकंदांच्या स्पॉटमध्ये (जाहिरातीत) मराठीत 60-65 शब्द नीट ऐकू येतात. त्यावर अभिप्राय येतो: "पंच आणा, आणि दोन फोन नंबर टाका." दहा आकडी नंबर म्हणायलाच चार-पाच सेकंद लागतात, दोन म्हटले की एक तृतीयांश स्पॉट संपला. पंच येणार कुठून? "लोकांनी फोन करावा की दुकानात यावं?" हे ठरवून सांगितलं की एक नंबर किंवा नुसता चौकाचा पत्ता पुरतो.

क्लायंटच्या बाजूने
हे मान्य. तरीही पहिल्या फेरीत माणसाला मोकळं बोलू द्या. भाषेवर बंधन घातलं की तो गप्प बसतो, आणि छपाईची प्लेट निघाल्यावर तोंड उघडतो. दुसऱ्या फेरीपासून मात्र पीडीएफवर क्रमांक टाकून, एकाच माणसाकडून सूचना याव्यात. मालकांना लाल हवा आणि मार्केटिंगला निळा, तर ते त्यांनी आधी आपसात मिटवावं.

शिरोरेषा
एकाच माणसाकडून, हे शंभर टक्के. पण पहिली फेरी मोकळी सोडायला माझा विरोध कायम आहे. दिशा तिथेच ठरते, आणि "फ्रेश करा"वर ठरलेली दिशा पुढच्या सगळ्या फेऱ्या खाते.