इनटेक मॅनिफोल्ड: सीएफएमच्या आकड्यावर निवड करायची का?

उघडा_थ्रॉटल (धागाकर्ता)

आफ्टरमार्केट (बाहेरून वेगळ्या घेतलेल्या) इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती सीएफएम?", म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा जाते. ज्याचा आकडा मोठा त्याच्या गळ्यात माळ. मला ही पद्धतच मान्य नाही, म्हणून हा धागा.

फ्लो बेंच, म्हणजे हवेचा प्रवाह मोजायचं यंत्र, मॅनिफोल्डमधून अखंड, एकसारखी हवा ओढतो, बहुतेक वेळा २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर. चालू इंजिनात हवा अशी वाहतच नाही. व्हॉल्व्ह उघडतो, हवा धावत सुटते, व्हॉल्व्ह बंद होतो आणि हवा थडकते. दाबाची लाट रनरमधून (एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतून) उलटी प्लेनमपर्यंत (सगळे रनर जिथून फुटतात त्या हवेच्या डब्यापर्यंत) जाते, तिथून परत फिरते. ती परत येते तेव्हा व्हॉल्व्ह उघडा असला तर सिलिंडर जास्त भरतो, बंद असला तर लाट फुकट गेली. हे सगळं रनरच्या लांबीवर ठरतं आणि बेंचला लांबी कळते ती फक्त घर्षणापुरती.

जुनं उदाहरण घ्या. १९६० ची क्रायसलर ३००एफ. ३० इंची रनर, ३७५ हॉर्सपॉवर, टॉर्क ४९५ पाउंड-फूट, तोही २८०० आरपीएमला. तिच्याच जास्त ताकदीच्या रूपात कास्टिंग बाहेरून तेवढंच लांब ठेवलं, पण आतली भिंत कमी करून रनरची कामाची लांबी १५ इंचांवर आणली. पॉवर ४०० झाली, टॉर्क उतरून ४६५ वर आला आणि शिखर ३६०० आरपीएमला गेलं. सगळं श्रेय रनरचं नसेल, पण शिखर सरकलं त्यात त्याचा हात मोठा. आता ह्यातलं चांगलं कुठलं, हे सीएफएम सांगू शकतो का?

बेंचवाला

असहमत. अगदी साफ असहमत.

लाटांच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात, पण आधी हवा जायला वाट तर हवी! हिशोब करा. दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, ८००० आरपीएम, सिलिंडर पूर्ण भरतोय असं धरा. मिनिटाला ८००० लिटर हवा, म्हणजे साधारण २८२ सीएफएम. लोक ह्याला चारने भागतात आणि "रनरमागे ७० पुरे" म्हणतात. पण एक सिलिंडर हवा ओढतो ती चार स्ट्रोकपैकी एकाच स्ट्रोकमध्ये. फक्त तेवढाच वेळ धरला तर त्या एका रनरमधून सरासरीच २८२ च्या वेगाने हवा जायला हवी. पिस्टन स्ट्रोकच्या मध्याजवळ सर्वात जोरात खाली जातो तेव्हा त्याहूनही बरीच जास्त. अरुंद रनर तिथे गळा दाबतो, मग लांबी कितीही मोजूनमापून काढलेली असो.

दुसरं म्हणजे बेंचवर आज घेतलेला आकडा उद्या पुन्हा मिळतो. डायनोचं, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचं, काय? हवामानानुसार आकडा दुरुस्त करताना एसएई करेक्शनऐवजी जुनं एसटीडी लावलं की कागदावर चारेक टक्के जास्त दिसतात. बोनेट तापलेलं, पंखा लहान, आलेखाला स्मूदिंग मारलेलं. आणि तुम्ही मला आकड्यांवर विश्वास ठेवू नका म्हणता!

लांबीवर एवढं प्रेम असेल तर १९९१ ला ले माँ जिंकलेल्या माझ्दा ७८७बी सारखे मागे-पुढे सरकून लांबी बदलणारे ट्रंपेट (हवा आत घेणाऱ्या नळ्या) बसवा. बाकीच्यांना एकच लांबी मिळते आणि ती तडजोडच असते.

सहाहजारी

@बेंचवाला, तडजोड आहे म्हणूनच तर निवड महत्त्वाची ना? एडेलब्रॉकचे दोन मॅनिफोल्ड बघा. ड्युअल प्लेन (दोन वेगळ्या प्लेनमचा) 'परफॉर्मर आरपीएम' कंपनी १५०० ते ६५०० आरपीएमसाठी देते, सिंगल प्लेन (सगळ्यांना एकच प्लेनम) 'व्हिक्टर ज्युनिअर' ३५०० ते ८००० साठी. बेंचवर सहसा सिंगल प्लेनच पुढे असतो. रस्त्यावरच्या गाडीला तो लावला की सिग्नलवरून निघताना इंजिन मेल्यासारखं वाटतं आणि मालक कार्ब्युरेटरला शिव्या देतो.

रुंदीचंही तसंच. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचल्यावरही बराच वेळ उघडा असतो. पिस्टन वर यायला लागला तरी हवा आत घुसत राहते ती निव्वळ स्वतःच्या वेगाच्या जोरावर. रनर गरजेपेक्षा रुंद केला की बेंचचा आकडा वाढतो आणि वेग पडतो. मग कमी आरपीएमला आत आलेलाच माल पिस्टन परत बाहेर ढकलतो.

दोनबार

टर्बोवाल्यांना ह्यातलं काही लागू नाही. बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवा, विषय संपला.

मिश्रण_पातळ

@दोनबार, विषय संपत नाही, पिस्टन संपतो.

टर्बोवर लाटा थांबत नाहीत, हे एक. दुसरं, तुमच्याकडे थ्रॉटल (हवेची झडप) बहुतेक वेळा प्लेनमच्या एका टोकाला असतो. हवा जोरात आत येते, पहिल्या रनरच्या तोंडावरून सरळ पुढे निघून जाते आणि शेवटच्या भिंतीवर आदळते. प्लेनमचा आकार नीट नसेल तर एका सिलिंडरला जास्त हवा, दुसऱ्याला कमी. इंजेक्टर मात्र चौघांना सारखंच पेट्रोल देतात. एक्झॉस्टमध्ये सगळं एकत्र झाल्यावर बसवलेला वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) सरासरी दाखवतो, ती मस्त असते. आणि एक सिलिंडर पातळ (पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणावर नॉक करत (अवेळी पेट घेत) बसलेला असतो. प्रत्येक सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान वेगळं मोजलं, निदान प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले, तर चोर सापडतो.

म्हणून मला 'सर्वात जास्त किती' ह्यापेक्षा 'चारही रनरमध्ये फरक किती' हा आकडा हवा असतो. जाहिरातीत तो क्वचितच असतो. सगळ्यात चांगल्या रनरचा आकडा छापून मोकळे होतात.

बेंचवाला

हे पटलं. पण हा फरक सापडणार कुठे? बेंचवरच! थ्रॉटल बॉडी आणि प्लेनमसकट एकेक रनर तपासा.

उघडा_थ्रॉटल

तिथेही मॅनिफोल्ड सुटा टेबलावर ठेवून नको, हेडला (व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागाला) बसवून मोजा. सुटा रनर ३०० देतो म्हणून काय झालं, हेडच २४० वर अडकत असेल तर वरचा आकडा दाखवायचाच. शिवाय तोंडं जुळायला हवीत. जोडावर आतून बोट फिरवा. मॅनिफोल्डचं भोक हेडच्या पोर्टपेक्षा (हवा आत जायच्या भोकापेक्षा) मोठं असेल तर हवेच्या वाटेत हेडची कडा उभी राहते आणि विकत घेतलेले सीएफएम तिथेच सांडतात. गॅस्केट आत डोकावत असेल तर आणखीच.

दाबही सांगायला हवा. १० इंचावरचे १५० आणि २८ इंचावरचे २५० हे जवळजवळ एकच. मी दोन विक्रेत्यांची पत्रकं शेजारी ठेवून बघितली, एकाने दाब लिहिलाच नव्हता.

डायनोबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, पण उपाय सोपा आहे. तोच डायनो, तेच करेक्शन, इनटेक हवेचं तापमान सारखं आणि मॅनिफोल्ड बदलल्यावर ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप नव्याने. स्पीड-डेन्सिटीवर (हवा थेट न मोजता दाब, तापमान आणि आरपीएमवरून काढायच्या पद्धतीवर) चालणाऱ्या ईसीयूमध्ये व्हीई टेबल (सिलिंडर किती भरतो त्याचा तक्ता) जुन्या मॅनिफोल्डचंच ठेवून तुलना केली तर मॅनिफोल्ड नाही, चुकीचं मिश्रण मोजलं जातं. कॅम टायमिंग बदलू शकणारे असतील तर त्यांचे कोनही पुन्हा शोधावे लागतात. एवढं करून पूर्ण आलेख टाका, नुसतं शिखर नको.

बेंचवाला

एवढं सगळं करायला वेळ आणि पैसा असलेला माणूस धाग्यावर विचारायला येत नाही. बाकीच्यांनी निदान २८ इंचावर, हेडसकट, प्रत्येक रनरचा आकडा मागावा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर पुढच्याकडे जावं.

दोनबार

प्लग काढून बघतो. तिसऱ्या सिलिंडरचा पांढरा (पातळ मिश्रणाची खूण) निघाला तर इथेच येऊन सांगेन.