पालेभाजी एकदम येते अन् फ्रीजमध्ये सडते. काय करावं?

बेसा_परसबाग
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ बेशाला घरामागं १० बाय २० फुटांची जागा मोकळी आहे, माती काळी, चिकट. पाऊस उघडून राहिला, आता पालक, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), शेपू पेरायचं मनात आहे. मागच्या हिवाळ्यात भाजी आली ती सगळी एकाच वेळी, शेजारीपाजारी वाटूनही उरली. फ्रीजमधल्या मेथीचा तिसऱ्या दिवशी चिकट लगदा. सांबार तर निम्मा उगवलाच नाही. खाणारे चौघं. किती पेरू, कशी काढू, कशी ठेवू, सांगा बाप्पा.

काळी_माती
भाऊ, एकदम पेरता म्हणून एकदम येते. वाफ्याचे तुकडे पाडा आणि दर दहा-बारा दिवसांनी एकेक पेरा. मेथी २५-३० दिवसांत उपटायला येते; तुकडा रिकामा झाला की थोडं शेणखत मिसळून त्यातच पुन्हा बी टाका. चौघांना एका वेळी तीन बाय तीन फुटांची मेथी भरपूर झाली.

पालक मुळासकट काढू नका. बाहेरची पानं देठापासून खुडा, नाहीतर जमिनीपासून दोन बोटं सोडून विळ्यानं कापा. मधला कोंब शाबूत राहिला की पुन्हा फुटतो. बियाण्यात ‘ऑल ग्रीन’ चांगलं, सहज मिळतं.

आपल्या काळ्या मातीत सपाट वाफा करूच नका. पाणी साचतं, मुळं कुजतात, मग वाळली की भेगा. वीतभर उंच गादीवाफा करा, कुजलेलं शेणखत सढळ हातानं घाला. युरियाचा मोह टाळा. पानं मोठी दिसतात, पण पाणचट होतात, मावा ही कीड लवकर येते आणि पानं टिकतही नाहीत.

सांबारवडी_प्रेमी
सांबाराचं मी सांगते. धने अख्खे पेरले तर उगवण विरळ होते. पोळपाटावर हलक्या हातानं रगडून दोन फाका करा, पीठ नको. रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यावर निथळून पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर वरची माती सुकू द्यायची नाही. ऑक्टोबरच्या उन्हात घाई कशाला? माती तापलेली असली की धने रुसतात. दिवाळीच्या आसपास पेरलेला सांबार बघा, वडीला पुरून उरेल.

बेसा_परसबाग
भाऊ नाही, ताई 🙂 वाफ्याचं समजलं. आता फ्रीजचं?

गोकुळपेठ_काकू
काढणीपासूनच सांभाळा. संध्याकाळी पाणी द्या, सकाळी ऊन चढायच्या आत भाजी काढा. दुपारी काढलेलं पान आधीच मलूल असतं, फ्रीज त्याला काय उभारी देणार! घरात आणली की सावलीत चादरीवर पसरा, पंख्याखाली दव उडू द्या. पिवळी, फाटकी पानं तेव्हाच काढा; एक सडकं पान सगळी जुडी नासवतं. धुवायची नाही. सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवा, फडकं ओलसर लागलं की बदला. टमाटे, केळी, सफरचंद शेजारी नको. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्यानं पानं पिवळी पडतात. सांबार मुळांसकट असेल तर पेलाभर पाण्यात उभा ठेवा, वरून सैल पिशवी.

हिंगणा_रोड
न धुता ठेवायचं पटत नाही. आम्ही दोघं नोकरीवाले, सकाळी सात वाजता माती कोण धुवत बसेल? मी रविवारी धुतो, टोपलीत निथळतो, पंख्याखाली पूर्ण कोरडी करतो आणि मग डब्यात. चांगली राहते.

गोकुळपेठ_काकू
पूर्ण कोरडी होत असेल तर भांडण नाही. मेथीच्या घड्या पडलेल्या पानांत पाणी लपून बसतं, तिथूनच कुजायला लागते. पालक जास्त झाला तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुचकळा, लगेच थंड पाण्यात टाका, घट्ट पिळा आणि एका वेळेला लागतील तेवढे गोळे करून फ्रीझरमध्ये. वरणात टाकायला उपयोगी. मेथी सावलीत कडकडीत वाळवून बरणीत भरा.

काळी_माती
पालकावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. फवारणीआधी ती पानं खुडून जाळा, निम्मं काम तिथंच होतं. आणि फेब्रुवारीत फुलाचा दांडा सुटला की पालकाचा हट्ट सोडा. मार्चनंतर चवळाई आणि अंबाडी लावा. त्यांना आपलं ऊन मानवतं, फक्त पाणी रोज. मे महिन्यात हिरवी जाळी टाकावीच लागते.

बेसा_परसबाग
एक कोपरा उरतो आहे. तिथं काय?

सांबारवडी_प्रेमी
हरभरा! शेंडे खुडले की फांद्या जास्त फुटतात, म्हणजे भाजीही आणि पुढं घाटेही. कोवळ्या शेंड्यांचा घोळणा करा: बारीक चिरून कांदा, तिखट, मीठ, कच्चं तेल. ही भाजी धुऊ नका, पानांवरची आंब निघून जाते. उरलेली वाळवून ठेवा; पावसाळ्यात भाजी महागली की लसणाची फोडणी घालून बेसन लावायची, सोबत ज्वारीची भाकर.

बेसा_परसबाग
हरभरा ठरला. या रविवारी गादीवाफे घालते. शेणखत बेशाकडं कोणी पोहोचवून देतं का?

हिंगणा_रोड
गोठेवाल्यालाच विचारा. फक्त कुजलेलं घ्या, हातात घेतलं की भुसभुशीत, वास नाही असं. ताजं दिलं तर वाफ्यात वाळवी येईल.