अभिक्रियेची ‘कोटी’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न: रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘प्रथम कोटीची अभिक्रिया’ असं वाचलं. उच्च कोटीचा गायक म्हणतो तशी ही प्रतवारी आहे का? दुसरीकडे त्यालाच ‘क्रम’ म्हटलंय, आणि एका यांत्रिक भाषांतरात तर चक्क ‘प्रतिक्रियेचा आदेश’!

— ‘आदेश’ सोडून द्या, मूळ इंग्रजी शब्द ‘ऑर्डर’, त्याचा भलताच अर्थ उचललाय. प्रतवारीही नाही. दर म्हणजे अभिक्रियेचा वेग, आणि संहती म्हणजे ठरावीक आकारमानात पदार्थ किती आहे ते. दराच्या सूत्रात अभिक्रियाकारकाच्या संहतीवर जो घात चढतो, ती त्या पदार्थाच्या बाबतीतली कोटी. सगळ्या घातांची बेरीज ती एकूण कोटी. ‘क्रम’ मला खटकतो. आधी काय घडतं, नंतर काय, असं वाटत राहतं.

— मग समीकरणातले सहगुणकच घ्यायचे ना?

— तिथेच गफलत होते. नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू, हायड्रोजनचे दोन. त्यातून नायट्रोजन आणि पाणी. समीकरण पाहून कोणीही २ आणि २ म्हणेल. आता नोंदी बघा. हायड्रोजन ०.१० मोल प्रति लिटरवर तसाच ठेवून नायट्रिक ऑक्साइड ०.१० चा ०.२० केला, तर सुरुवातीचा दर चौपट होतो. २ चा कितवा घात ४? दुसरा. मग नायट्रिक ऑक्साइडला हात न लावता हायड्रोजन दुप्पट करा: दर नुसता दुप्पट, म्हणजे घात १. एकूण कोटी ३ आली, ४ नाही. एका वेळी एकच संहती हलवायची, ही यातली मेख. दोन्ही एकदम बदलल्या की कोणामुळे काय झालं ते कळायचं नाही.

दुप्पट करूनही दर ढिम्म हलला नाही, तर कोटी शून्य. तापलेल्या प्लॅटिनमवर भरपूर दाबाखाली अमोनियाचं विघटन असंच चालतं. पृष्ठभागावर जागाच उरलेली नसते, जादा रेणू ताटकळतात.

— अपूर्णांक येतो का?

— येतो की. ॲसिटाल्डिहाइडच्या औष्णिक विघटनाची कोटी ३/२ आहे. संहती दुप्पट केली की दर सुमारे २.८३ पट. फक्त ‘दीड कोटी’ लिहू नका, वाचणारा शून्यं मोजत बसेल!

— मग सरळ ‘घातांक’च का म्हणू नये?

— एकेका पदार्थापुरतं चालेल. बेरजेला मात्र वेगळा शब्द लागतो. आणि कोटीची ‘रेणुता’शी गल्लत नको. रेणुता म्हणजे एका पायरीत किती रेणू भाग घेतात. ती नेहमी पूर्णांक. अर्धा रेणू कुठून आणणार?