दारू पुन्हा सुरू झाली तरी एआरटीची (एचआयव्हीवरच्या उपचाराची) गोळी घ्यायला सांगावं का?

समुपदेशक_सोलापूर: माझं मत, सांगावं. आणि पहिल्याच भेटीत सांगावं. ‘दारूवर गोळी म्हणजे विष’ हा समज पक्का बसलाय. शनिवारी क्वार्टर झाली की त्या रात्रीची गोळी जाते, रविवारची जाते, सोमवारी लाजेपोटी एआरटी सेंटरची फेरीही टळते. टीएलडी म्हणजे एआरटीची रोजची एकच गोळी; तिच्यातल्या टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅविर या तिन्हींची दारूशी तशी रिॲक्शन होत नाही. उलट सोबत हेपेटायटिस बी असेल तर गोळी थांबल्यावर तोच उसळतो, तोही दारूने थकलेल्या लिव्हरवर.

शिवाय गोळी रात्री नऊलाच का? आधीच्या गोळीतल्या एफाविरेंझने चक्कर यायची म्हणून झोपताना द्यायचे. ते औषध गेलं, वेळ तीच राहिली. आणि प्यायला बसायची वेळही तीच! सेंटरला सांगून गोळी सकाळच्या चहाच्या वेळेवर आणा.

निर्व्यसन_ताई: अजिबात पटलं नाही. ‘पिऊनही गोळी घे’ यातलं ‘पिऊनही’ तेवढं लक्षात राहतं. ध्येय पूर्ण बंद हेच हवं. पगाराच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशी करा: पैसे थेट घरच्यांच्या खात्यात, परतीचा रस्ता गुत्त्यावरून नको, निघण्याआधी पोटभर खाणं. रिकाम्या पोटी तलफ जास्त चढते. जोडीला डायसल्फिराम (त्यावर दारू प्यायली की त्रास होतो ते औषध) 250 मिग्रॅ, घरच्यांसमोर.

औषधवाला: ताई, डायसल्फिरामबद्दल थांबा. टीबी टाळण्यासाठी आयसोनियाझिड 300 चालू असेल तर दोन्ही मिळून तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि लिव्हरवर दुहेरी भार. लोपिनाविर-रिटोनाविर या एचआयव्हीवरच्याच पातळ औषधात तर अल्कोहोलच असतं. डायसल्फिराम शेवटच्या घोटानंतर निदान 12 तास गेल्याशिवाय सुरू करायचं नाही, बंद केल्यावरही 14 दिवसांपर्यंत दारूशी रिॲक्शन येऊ शकते. भाजीत गुपचूप मिसळणं तर जिवावर बेतेल.

दारू सुटायला मदत करणारी दुसरी औषधं बघा. अकॅम्प्रोसेट 333 च्या दोन-दोन गोळ्या तीनदा, म्हणजे दिवसाला सहा. जो एक चुकवतो तो सहा घेईल? आणि टेनोफोविरमुळे किडनीवर लक्ष ठेवावंच लागतं, तेव्हा आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा. नाल्ट्रेक्सोन 50 मिग्रॅ दिवसाला एकच, सकाळच्या टीएलडीबरोबर बसते. लिव्हरची तपासणी हवी, ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामकं चालू नकोत.

समुपदेशक_सोलापूर: ताई, ध्येय पूर्ण बंद हेच, त्यात वाद नाही. म्हणून वाक्य अर्धं सोडायचं नाही: ‘गोळी घे, आणि उद्या सकाळी फोन कर.’ मात्र सलग आठवडाभर भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून घरीच बंद’ म्हणू नका. पहिल्या दोन दिवसांत थरथर, फिट येऊ शकते. त्याला दवाखान्यातच न्या, ग्लुकोजच्या आधी थायमिन (व्हिटॅमिन बी1).

निर्व्यसन_ताई: फोनचं जोडलंत तर मान्य. डायसल्फिरामचा मुद्दाही घेतला, आयसोनियाझिड विचारल्याशिवाय नाही. पण हे वाक्य औषधाच्या खिडकीवर, रांगेसमोर नको, बंद खोलीत हवं. आणि व्यसनमुक्ती केंद्रात भरती झालेल्याची एआरटीच्या गोळ्यांची बाटली नावासकट सामायिक कपाटात ठेवतात. तिथे सगळ्यांदेखत मागायची म्हणून गोळी सुटते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे संमतीशिवाय त्याचा आजार उघड करता येत नाही. साध्या डबीत आठवड्याच्या सात गोळ्या द्या, डबी त्याच्याजवळच राहू द्या, आणि रविवारी रिकामी झाली का ते एकट्यात बघा.