गाड्या बंद झालेल्या रस्त्याला काय म्हणायचं?

भटकभवानी: अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचं प्रवासवर्णन लिहायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर अडलेय. टुऑलमी ग्रोव्ह ही तिथली सेक्वोया नावाच्या अजस्र झाडांची राई; तिच्याकडे जो रस्ता उतरतो तो मुळात जुना बिग ओक फ्लॅट रोड. १८७४ मध्ये घोडागाड्यांसाठी झाला, पुढे त्यावरून मोटारी गेल्या, आता गेली तीसेक वर्षं फक्त चालणारे. निघण्याआधी ग्रुपवर लिहिलं, 'जुन्या रस्त्याने चालत जायचंय.' मावशींचा लगेच निरोप: "रस्ता आहे तर चालायचं कशाला?" म्हणून 'पायवाट' केलं. तिथे पोचल्यावर त्याच मावशी: "ही कसली पायवाट? चौघी हात धरून चालतोय की!" सुचवा काहीतरी.

कानामात्रा: गाडीवाट. सरळ शब्द आहे, आजी बैलगाडीच्या वाटेला हेच म्हणायची. चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी.

भटकभवानी: पण इथे गवताची पट्टी नाही, डांबर आहे. भेगाळलेलं, त्यावर पाइनच्या सुया पडलेल्या. आणि गाडीवाट म्हटलं तर मावशी परत गाडी काढतील.

शुद्धमती: मुळात 'रस्ता' फारसी. जरा 'प्राचीन मार्ग' लिहून बघा, 'हायकिंग'च्या जागी फक्त 'पदभ्रमण'. प्रश्नच मिटतो.

टिवल्याबावल्या: दीडशे वर्षांचा रस्ता प्राचीन? आणि 'आम्ही पदभ्रमण केले' असं घरी कोण सांगतं हो? चालून आलो म्हणतात.

कानामात्रा: शिवाय शुद्धमती, तुमच्याच प्रतिसादात 'जरा' आहे, 'फक्त' आहे. तेही फारसी-अरबीच.

शुद्धमती: रुळलेल्या शब्दांबद्दल मी बोलत नाहीये.

कानामात्रा: 'रस्ता' रुळलेला नाही?! त्याच्याइतकं रुळलेलं दुसरं काय असणार!

डोंगरदऱ्या: आम्ही डोंगरात फिरणारे 'वाट मोडली' म्हणतो. वापर थांबला, झुडपं माजली, की वाट मोडते. त्यावरून 'मोडका रस्ता'?

भटकभवानी: मोडका म्हणजे खड्डे पडलेला वाटेल. आणि हा वापरात आहे, चांगली गर्दी असते.

जुनीपुराणी: मग 'वहिवाट' शब्दाकडे बघा. संस्कृत वर्त्म, प्राकृत वट्ट, मराठी वाट. कोर्टकचेरीमुळे वहिवाट आता फक्त हक्कापुरती उरली, पण इथे चपखल बसते: गाड्यांची वहिवाट संपली, पायांची सुरू झाली.

टिवल्याबावल्या: वाक्य झकास, पण शब्द कुठाय? त्यांनी नाम मागितलंय.

डोंगरदऱ्या: मी गेलोय तिथे. नाव काहीही द्या, पण एक लिहा: गाडी वर लावून खाली जायचं असतं. मैलभरात सुमारे ५०० फूट उतार, जाताना गप्पांत कळतही नाही. परतताना सगळा चढ. आमच्या दोघांनी खालीच बसकण मारली होती.

भटकभवानी: मावशींनीसुद्धा! आणि खाली तो 'डेड जायंट'. जळून मेलेल्या सेक्वोयाचं खोड १८७८ मध्ये आरपार कोरलं, रस्ता त्याच्यातूनच जायचा. त्याला मी 'झाडातला बोगदा' लिहिलंय.

जुनीपुराणी: बोगदा डोंगराला. झाडाला ढोली.

कानामात्रा: ढोली आपोआप होते, घुबडं राहतात तिच्यात. इथे माणसांनी कुऱ्हाड चालवली आहे आणि दोन्ही बाजू मोकळ्या. ढोलीला मागचं दार नसतं.

शुद्धमती: 'वृक्षविवर'.

टिवल्याबावल्या: विवरात गाडी पडेल, पार कशी होईल?

भटकभवानी: अहो, आधी रस्त्याचं सांगा ना. पहिलं वाक्यच लटकलंय माझं.

जुनीपुराणी: सांगतो. पण ढोलीला मागचं दार नसतं हे कुणी ठरवलं? आमच्या चिंचेच्या ढोलीतून मी इकडून शिरून तिकडून निघायचो.

कानामात्रा: किती वर्षांचे होतात तेव्हा?

जुनीपुराणी: सहा. त्याचा इथे काय संबंध?